पहिल्या पंगतीतला पिंग

पिंग म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण माझा गुन्हा तिथूनच सुरू होतो.

दोन संगणकांमधली लाइन ठीक आहे का, हे बघायचं असेल तर एका टोकाहून एक चिमुकला निरोप पाठवतात: 'आहेस का?' पलीकडून उत्तर येतं: 'आहे.' जायला-यायला किती वेळ लागला तेवढं यंत्र टिपून ठेवतं. याला पिंग म्हणायचं. आमच्या कंपनीत हा निरोप दर पाच मिनिटांनी थेट विलायतेला जायचा आणि उत्तरांचा आलेख माझ्या टेबलावरच्या पडद्यावर उमटायचा. उत्तर वेळेत आलं तर हिरवी रेघ, उशिरा आलं तर लाल.

मी पंचवीस वर्षं पुण्यात हेच काम केलं. धायरीत आमच्या सोसायटीत मला अजून 'केबलवाले शिंत्रे' म्हणतात. सुरुवातीला समजावून सांगायचो, आता सांगत नाही. दिवाळी अंकासाठी 'आयटीतल्या गमतीजमती' लिहा असं सांगणं आलं, तेव्हा दोन-चार गमती लिहूनही काढल्या होत्या. त्यातली एखादी इथे येईल. बाकीचं जे लिहितोय ते मी घरीसुद्धा कधी बोललेलो नाही.

खराडीत तेव्हा काचेच्या इमारती नुकत्याच उगवत होत्या आणि दोन इमारतींच्या मध्ये ज्वारी उभी असायची. आमचं कॉल सेंटर. ब्रिटनमधल्या एका विमा कंपनीचे ग्राहक फोन करायचे आणि तो खराडीत उचलला जायचा. पाळी दुपारी दीडला सुरू व्हायची, कारण तिकडे तेव्हा सकाळ. बोलणं, फायली, ईमेल सगळं एकाच लाइनवरून जाई, आणि ती लाइन सांभाळणं माझं काम. त्या कामाला 'क्वालिटी ऑफ सर्व्हिस' असं भारदस्त नाव आहे. प्रत्यक्षात ती मंगल कार्यालयातली पंगत. हॉल शंभर पानांचा, पाहुणे तीनशे. ज्यांना गाडी गाठायची आहे त्यांना पहिल्या पंगतीला बसवायचं, घरच्या मंडळींनी थांबायचं. ईमेल, फायली ही घरची मंडळी. तिसऱ्या पंगतीला बसली तरी उपाशी राहत नाहीत. फोनवरच्या बोलण्याला मात्र गाडी गाठायची असते. एखादा शब्द अर्धा सेकंद उशिरा आला तर तो टाकूनच द्यावा लागतो, कारण वाक्य पुढे निघून गेलेलं असतं. म्हणून लाइनच्या दोन्ही टोकांच्या यंत्रांत एक यादी घालून ठेवायची: कुठल्या कुठल्या फोनचं बोलणं पहिल्या पंगतीला. लाइन त्याने रुंद होत नाही. कोणी आधी जायचं आणि कोणी खोळंबायचं एवढंच ठरतं. ते मी ठरवायचो.

आमच्या एका डायरेक्टरांना हे कुठूनसं कळलं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून घेतलं.

"शिंत्रे, माझा लॅपटॉप पहिल्या रांगेत टाका."

"सर, पण आपलं सगळं ईमेलच असतं."

"अहो, पण ईमेल कोणाचं आहे ते बघा ना!"

टाकला. मग हिशेब खातं आलं, मग एचआर आलं, मग डायरेक्टरांच्या सेक्रेटरी आल्या. महिन्याभरात सगळेच पहिल्या पंगतीला, म्हणजे पंगत अशी राहिलीच नाही. एका रविवारी ऑफिसात जाऊन मी सगळ्यांना गुपचूप पानावरून उठवलं. सोमवारी डायरेक्टर जिन्यात भेटले. म्हणाले, "आता बघा कसं पळतंय!"

गुपचूप दुरुस्ती करायची गोडी मला तिथे लागली असावी.

विमा कंपनीबरोबरच्या करारात लाइनचा दर्जा पिंगवर मोजायचा असं लिहिलं होतं. आठवड्यातून दोन-तीनदा रेघ लाल व्हायची आणि विलायतेहून खरमरीत पत्र यायचं. माझे वरिष्ठ आपटे साहेब अशा वेळी माझ्या पाठीमागे येऊन उभे राहत. "शिंत्रे, आपण नेटवर्क चालवतो की कुंकवाचा कारखाना?"

एका दुपारी मी यादीत एक ओळ वाढवली. पिंगलाही पहिल्या पंगतीला बसवलं.

म्हणजे काय केलं बघा. वाढप कसं चाललंय हे पाहायला यजमानांनी जो माणूस आत पाठवला, त्यालाच पहिल्या पानावर बसवून आग्रह करकरून जिलब्या वाढल्या. तो बाहेर येऊन सांगणार, व्यवस्था उत्तम आहे. दुसऱ्या दिवसापासून आलेख हिरवागार झाला. आपटे साहेब पडद्यापुढे कमरेवर हात ठेवून म्हणाले, "वा! श्रावण आला." विलायतेहून अभिनंदनाचं पत्र आलं, ते चौकट करून स्वागतकक्षात लावलं गेलं. करारात याला कुठे मनाई नव्हती आणि आलेखात एकही आकडा खोटा नव्हता. मला त्या ओळीचा अभिमान वाटायचा, हेही सांगून टाकतो.

एकदा वाघोलीजवळ जेसीबीने आमची केबल तोडली. मी धावत पोचलो. शेताचे मालक बांधावर तंबाखू मळत बसले होते.

"तुमची तार हाय व्हय ती? आमाला वाटलं जुनी टेलिफोनची हाय."

"अहो दादा, त्या तारेवर तीनशे माणसं बोलत होती!"

"मंग आता गप बसली का? बरं झालं की."

असले बिघाड मला बरे वाटायचे. सगळ्यांचंच बंद पडलं की कोणी कोणाकडे पुरावा मागत नाही.

प्रणिता वानखडे यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याची. बी. एस्सी. करून पुण्याला आलेली, वाघोलीत तीन मुलींबरोबर एका खोलीत राहायची. नोकरीत अजून कायम झालेली नव्हती. बोलण्यावर मातृभाषेची छाप पडते त्याला आमच्याकडे 'एमटीआय' म्हणत, एखाद्या रोगाचं नाव घ्यावं तसं. प्रणिताच्या कागदावर तो शेरा पहिल्या आठवड्यातच पडला होता. तिचं इंग्रजी खरं तर नीट होतं, मराठी वऱ्हाडी होतं. चहाच्या मशीनपाशी पुण्याची पोरं तिला विचारायची, "काय, चहा पिऊन राहिली का?" हे मीही एकदा विचारलं आहे. चांगला हशा आला होता. ती पण हसली होती.

एका सोमवारी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"सर, माझ्या फोनवर आवाज तुटते."

"तुटतो," मी म्हणालो.

"तुटतो, सर. रोज दुपारी. समोरचा माणूस बोलते... बोलतो, आणि मधले शब्दच येत नाहीत. मग मी पुन्हा विचारते, तर तो चिडतो."

मी पडदा तिच्याकडे वळवला. हिरवी रेघ. आठवडाभर मागे नेऊन दाखवली. हिरवी.

"लाइन ठणठणीत आहे. हेडफोन बदलून घ्या."

"तीनदा बदलला, सर."

"मग कान तपासून घ्या," मी म्हणालो. चेष्टेत म्हणालो, पण म्हणालो.

बुधवारी ती पुन्हा आली. या वेळी हातात एक वही होती. आवाज तुटला की घड्याळ बघून तिने नोंद केली होती, दोन आठवड्यांची. वही ठेवली आणि म्हणाली, "सर, शनिवारी माझं कायम करायचं की नाही ते ठरणार आहे. क्वालिटीच्या मॅडम म्हणतात, मला इंग्रजी ऐकून समजत नाही. मला समजतं, सर. ऐकूच नाही येत."

गुरुवारी सकाळी मी ती वही उघडली. सगळ्या नोंदी दुपारी पावणेचार ते साडेचारच्या मधल्या. रविवार सोडून एकही दिवस सुटलेला नाही. त्या वेळी काय होतं ते मला पाठ होतं. विलायतेत सकाळचं टपाल फोडून सगळे अर्ज स्कॅन करायचे आणि तो भला मोठा गठ्ठा आमच्याकडे टाइप करायला पाठवायचे. पाऊण तास लाइन तुडुंब. पहिल्या पंगतीतल्या फोनला त्याचा पत्ताही लागायचा नाही. ज्यांचं नाव यादीत नाही त्यांचे मात्र हाल.

मी यादी उघडली. खिडकीजवळ दोन महिन्यांपूर्वी एक नवी रांग टाकली होती, सहा खुर्च्यांची. त्या सहा फोनचे नेटवर्कवरचे पत्ते मी यादीत घातलेच नव्हते. राहून गेले होते. त्या रांगेत पश्चिमेचं ऊन यायचं म्हणून तिथे कोणी बसत नसे. वाघोलीची गाडी नगर रस्त्याच्या गर्दीतून सर्वांत उशिरा पोचायची आणि त्यातून आमच्याकडे येणारी प्रणिता एकटीच, त्यामुळे तिच्या वाट्याला रोज तीच रांग.

पावणेचारला मी स्वतः तिच्या खुर्चीवर जाऊन बसलो. ती बाजूला उभी राहिली. तिकडच्या टोकाच्या तंत्रज्ञाला फोन लावून मी त्याला एक ते वीस आकडे म्हणायला सांगितले. माझ्या कानात त्यांतले अकराच पोचले. चौदा-पंधरा-सोळा तर आलेच नाहीत. प्रणिता माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मी हेडफोन काढून ठेवला आणि म्हणालो, "बघतो."

आपटे साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"दुरुस्तीला किती वेळ?"

"एक ओळ आहे. पाच मिनिटं."

"मग कर. बोलायचं काय त्यात?"

"साहेब, पण त्या मुलीचं..."

"शिंत्रे, तू सांगणार की तिचा आवाज तुटत होता. ते विचारणार, मग आलेखात कसं नाही दिसलं? मग तू काय सांगणार? आलेख आम्हीच रंगवला? बाहेर ते पत्र चौकटीत लावलंय, ते काढून तुझ्या घरी लावू का?"

ते पत्र त्यांच्यापेक्षा मलाच जास्त प्यारं होतं. शुक्रवारी सकाळी पाळी सुरू व्हायच्या आत मी सहा पत्ते यादीत घातले. मनाशी म्हटलं, झालं, आता तिला नीट ऐकू येईल, तिचं आपोआप मार्गी लागेल. हे मी खरोखर मानलं होतं की मानून घेतलं होतं, ते आज सांगता येत नाही.

दुपारी बारा वाजता क्वालिटीच्या सोनाली मॅडमनी मला बोलावलं. या बाईंचं काम कर्मचाऱ्यांची संभाषणं ऐकून गुण देणं. कडक, पण न्यायाने वागणाऱ्या. प्रणिता समोर बसली होती. मॅडमनी एक रेकॉर्डिंग लावलं. रेकॉर्डिंग विलायतेच्या टोकाला व्हायचं, म्हणजे आवाज आमच्या लाइनवर चढायच्या आधीच. त्यामुळे त्यात ग्राहकाचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येत होता, आणि त्यावर प्रणिताचं, "सॉरी, पुन्हा सांगाल का?" पुन्हा स्वच्छ उत्तर. पुन्हा, "सॉरी..."

"आता सांगा," मॅडम म्हणाल्या, "यात कुठे तुटतोय आवाज?"

प्रणिता म्हणाली, "मॅडम, काल सर स्वतः माझ्या खुर्चीवर बसले होते. सरांना विचारा ना."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. उत्तर तोंडातून आपोआप आलं.

"मला तरी सगळं ऐकू आलं."

सोनाली मॅडमनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "तरी मी लगेच ठरवणार नाही. आज आणि उद्या त्या खुर्चीवर मी आपल्या जुन्यातल्या एका मुलीला बसवते. तिलाही त्रास झाला तर लाइन खराब, नाही झाला तर प्रश्न मिटला. तोवर प्रणिता, तुम्ही फोन घेऊ नका. हे योग्य होईल ना, शिंत्रे?"

याहून योग्य परीक्षा कोणी सुचवली नसती. फक्त मी ती खुर्ची त्याच सकाळी दुरुस्त केली होती. अजूनही तोंड उघडायला वेळ होता. दोन दिवस होते.

"योग्य होईल," मी म्हणालो.

जुनी मुलगी दोन दिवस तिथे बसली. गठ्ठा आला, लाइन तुंबली, तिला काही कळलंही नाही. तिच्या कागदावर उत्तम शेरा पडला. माझ्या दुरुस्तीने प्रणिताविरुद्धचा पुरावा पक्का झाला. शनिवारी संध्याकाळी तिच्याकडून राजीनामा लिहून घेतला. मी जागेवरच बसून होतो, पडद्याकडे बघत. वही घ्यायला ती आली.

"सर, तुम्ही वेळ काढून बसून पाहिलं. थँक यू," ती म्हणाली. टोमणा असता तर मी तो झेलला असता. टोमणा नव्हता. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता, स्वतःच्या कानापेक्षा जास्त.

पुढे माझं सगळं चांगलं चाललं. मोठ्या कंपन्या मिळाल्या, मोठ्या लाइनी मिळाल्या. हाताखालच्या प्रत्येकाला मी एक नियम घालून दिला: पिंगला पहिल्या पंगतीत बसवायचं नाही, आणि तक्रार आली तर पडद्याआधी त्या माणसाच्या खुर्चीवर जाऊन बसायचं. पोरं मला तत्त्वाचा माणूस समजायची. एकाने निरोप समारंभात तसं भाषणही केलं. मी हार घालून उभा होतो.

त्या भाषणानंतर मात्र मला राहवेना. सोनाली मॅडमना शोधलं. त्यांना फोनवर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या राजीनाम्यावर सही मी घेतली होती, शिंत्रे. न्यायाने वागले असं समजत होते मी." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. चार दिवसांनी त्यांच्याकडून नंबर आला. फक्त नंबर.

प्रणिताबाई दारव्ह्यात असतात. लोकांचे सरकारी अर्ज ऑनलाइन भरून द्यायचं त्यांचं दुकान आहे. मी फोन केला तेव्हा दुकानात गर्दी असावी.

"कोण शिंत्रे?"

"खराडीचे. नेटवर्कवाले."

"हं. बोला, सर." मग कोणाला तरी म्हणाल्या, "थांबा जी भाऊ, दोन मिनिटं. आधार कार्ड काढून ठेवा."

मी सांगितलं. यादी, राहिलेले सहा पत्ते, आकडे, पिंग, शुक्रवारची सकाळ, सगळं. मध्ये त्या एकदाही 'काय?' म्हणाल्या नाहीत.

"म्हणजे लाइनच खराब होती," त्या शेवटी म्हणाल्या.

"हो."

"मी यवतमाळले दोन डॉक्टरकडे कान दाखवले, सर. दोघंही म्हणे, काहीच नाही. मले पटेच ना. मग इंग्रजी बोलणंच सोडलं मी. पोरगी शाळेत जाते तिथं बाई इंग्रजीत बोलल्या तर मी नवऱ्याले पुढं करतो. लाइन खराब असते, ते मी समजू शकतो. इथं रोजच खराब असते. मॅडमनं तुम्हाले विचारलं, तेव्हा माहीत होतं का तुम्हाले?"

"आदल्या दिवशीच कळलं होतं."

दुकानात कोणीतरी झेरॉक्स मागत होतं.

मी म्हणालो, "मला माफ करा, असं म्हणायचं तोंड नाही. मी हे सगळं लिहितोय, छापायला. तुमचं नाव अर्थातच बदलीन."

"काऊन?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून."

"नाव नका बदलू. शेरा माह्याच नावानं होता ना? मग हेही माह्याच नावानं येऊ द्या. आणि ते पंगत-बिंगत तुम्ही काय लिहायचं ते लिहा, पण एक वाक्य साधं लिहा. माह्या पोरीले वाचून दाखवता आलं पाहिजे, असं."

"काय लिहू?"

"तुम्हाले माहीत आहे काय ते. माफीचं मग पाहू," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

प्रणिता वानखडे यांना इंग्रजी नीट समजत होतं आणि त्यांचे कान चांगले होते. लाइन खराब होती, ती माझ्या चुकीने खराब होती, आणि त्यांच्यासमोर मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो.